समुद्राचा सातबारा

परशुरामानं बाण सोडला, समुद्र मागे हटला आणि कोकण वर आलं, ही कथा आपण लहानपणी ऐकलेली. उलटी गोष्ट मुंबईच्या पोटात आहे. 1870 च्या दशकात प्रिन्सेस डॉक खणताना चिखलाखाली खैराची झाडं मुळांवर उभी सापडली. तिथं एके काळी रान होतं! तिथली जमीन खचली, असं भूशास्त्रज्ञ सांगतात. 20 हजार वर्षांपूर्वी तर जगभरचा समुद्र सुमारे 120 मीटर खाली होता.

बँकेत असताना किनाऱ्यावरच्या जमिनी तारण घेताना मी सातबारा बारकाईनं पाहिला. समुद्राचा हक्क मात्र कधी तपासला नाही. आज खाजणं बुजवून इमले चढवणारे तरी कुठं तपासतात? आता पाणी चढतंय ते आपल्याच धुरामुळे. निदान भरतीची जागा तरी मोकळी ठेवू या.