खेळापेक्षा पान जड

खेळायच्या पत्त्यांतील एक पान २०२१ च्या जानेवारीत लिलावात ५,११,१०० डॉलरांना विकले गेले. ‘मॅजिक : द गॅदरिंग’ या अमेरिकी खेळातील ‘ब्लॅक लोटस’ हे ते पान. १९९३ साली खेळ बाजारात आला तेव्हा ते काही डॉलरांच्या पाकिटात कोणाच्याही हाती लागू शकत होते. पहिल्या छपाईत त्याच्या सुमारे १,१०० प्रती निघाल्या होत्या. आज ते गुणांकनाच्या चिठ्ठीसह प्लास्टिकच्या डबीत बंद असते. जे पिसले जात नाही, डावात उतरत नाही, त्याला खेळाचे पान तरी का म्हणावे?

हा प्रकार केवळ श्रीमंतांच्या छंदाचा असता तर त्याची दखल घेण्याचे कारण नव्हते. पण त्याचा भार खेळणाऱ्यांवर पडला आहे. १९९५ साली प्रकाशक कंपनीने ‘क्रॉनिकल्स’ या संचातून जुनी पाने विपुल छापली. भाव उतरले आणि संग्राहकांनी ओरड केली. त्यांच्या समाधानासाठी १९९६ मध्ये कंपनीने काही पाने पुन्हा कधीही न छापण्याचे वचन दिले. त्या यादीत पाचशेहून अधिक पाने आहेत. ‘लेगसी’ प्रकारच्या स्पर्धेत उतरावयाचे तर यादीतील दुरंगी ‘भूमी’पाने बहुतेकांना लागतातच, आणि त्यांतील एकेकाची किंमत शेकडो डॉलर आहे. बुद्धीची कसोटी सुरू होण्यापूर्वीच खिशाची कसोटी लागते.

दिलेला शब्द पाळला पाहिजे, त्यावर विसंबून लोकांनी पैसा गुंतवला आहे, असा युक्तिवाद केला जातो. तो सर्वस्वी पोकळ नाही. परंतु २०२२ मध्ये त्याच कंपनीने खेळाच्या तिसाव्या वर्षाचे निमित्त साधून यातीलच काही पाने छापली. पाठीमागची बाजू वेगळी, अधिकृत स्पर्धेत मज्जाव, आणि चार पाकिटांतील मिळून साठ पानांचे मोल ९९९ डॉलर! म्हणजे वचनातून वाट निघाली ती नफ्यासाठी. खेळाडूंसाठी मात्र दार बंदच राहिले.

एखाद्या ग्रंथाची पहिली आवृत्ती संग्राहकाने जिवापाड जपावी. पण म्हणून दुसरी आवृत्ती निघूच नये, असा हट्ट कोणी धरीत नाही. वाचकाला स्वस्त प्रत मिळाल्याने पहिल्या आवृत्तीचे दुर्मीळपण उणावत नाही. हाच न्याय येथे लावावा. नवी पाने वेगळ्या खुणेने, साध्या किमतीत आणि स्पर्धेत चालतील अशी छापावीत. १९९३ ची प्रत १९९३ चीच राहील. काहींचे भाव उतरतीलही; पण खेळाच्या साहित्यात पैसा गुंतवणाऱ्याने तो धोका पत्करलाच पाहिजे.

त्या पानाला मोल आले ते खेळणाऱ्यांच्या ओढीमुळे. नाकापेक्षा मोती जड झाला आहे; खेळणारेच उठून गेले तर डबीतल्या कागदाचा भाव कोण विचारणार?