इंजिनाचं टायमिंग, आपलं टेन्शन

शनिवारी आईला मावशीकडे उलव्याला सोडायचं होतं. शिवडीत एका ट्रेलरच्या मागे रांगतानाच माझी सेकंडहॅण्ड कार न्यूट्रलवर थरथरायला लागली. अटल सेतूवर चढून ॲक्सिलरेटर दाबला, तर बाईसाहेब सत्तरच्या पुढे ढिम्म! त्यात डॅशबोर्डवर पिवळा दिवा. २१.८ किलोमीटरचा पूल, मध्ये थांबायला मनाई आणि शेजारी रामरक्षा पुटपुटणारी आई. बॉस, जाम टरकले!

कसेबसे पोहोचलो. संध्याकाळी शिवडीतल्या आमच्या मेकॅनिककाकांनी बॉनेट उघडायच्या आधीच विचारलं, ‘‘ताई, ऑइल कधी बदललं होतंत?’’

मी गप्प. ईएमआय, डेडलाइन्स, ‘पुढच्या महिन्यात बघू’... दीड वर्ष झालं होतं.

फंडा असा आहे. इंजिनही श्वास घेतं. व्हॉल्व्ह कधी उघडायचे, कधी मिटायचे हे कॅमशाफ्ट ठरवतो. जुन्या इंजिनांत ही वेळ कायमची ठरलेली. पण शिवडीच्या ट्रॅफिकची गरज वेगळी, सेतूवरच्या शंभरच्या स्पीडची वेगळी. न्यूट्रलवर आत घेणारा आणि बाहेर सोडणारा असे दोन्ही व्हॉल्व्ह एकदम उघडे राहिले तर इंजिन थरथरतं. वेगात मात्र हवा जोरात आत येते, म्हणून आत घेणारा व्हॉल्व्ह जरा उशिरा मिटलेला बरा.

यावर उपाय म्हणजे व्हेरिएबल टायमिंग. अल्फा रोमिओने ते १९८० मध्ये रस्त्यावर आणलं. होंडाचं व्हीटेक १९८९ चं. आपल्याकडे सिटीमुळे ते नाव पोरांच्या तोंडी बसलं. आज साध्या हॅचबॅकमध्येही अशी काहीतरी सोय असते.

माझ्या गाडीत कॅमशाफ्टच्या टोकाला एक चकती आहे. ती ऑइलच्या दाबाने थोडी पुढेमागे फिरते आणि टायमिंग बदलतं. ऑइल काळं, चिकट झालं की दाब सोडणारा छोटा व्हॉल्व्ह अडकतो. माझा अडकला होता. म्हणजे कमाल टेक्नॉलॉजी, आणि घोडं अडलं साध्या ऑइलवर!

काकांनी तो व्हॉल्व्ह साफ केला, ऑइल आणि फिल्टर बदलला. रविवारी आईला आणायला गेले. येताना सेतूवर काटा आरामात शंभरवर.

‘‘आज शहाण्यासारखी चालतेय,’’ आई म्हणाली. गाडीबद्दल की माझ्याबद्दल, ते मी विचारलं नाही.

तुमची ऑइलची तारीख कधी होती? मोबाइलमध्ये रिमाइंडर लावा. आत्ताच!