विश्लेषण : बर्फ नसलेल्या गावातून हिवाळी ऑलिम्पिकचे सुवर्ण?

हिवाळी ऑलिम्पिकमध्ये भारताला अजून एकही पदक नाही. ‘आपल्याकडे बर्फ कुठे पडतो?’ हे त्यावरचे ठरलेले उत्तर. फ्रीस्टाइल स्कीइंगमधील ‘एरियल्स’ प्रकारापुरते तरी ते पटत नाही.

यात खेळाडू स्कीवरून घसरत येऊन हवेत झेपावतो, कोलांट्या-गिरक्या घेतो आणि बर्फावर उतरतो. उड्डाणाला 20 टक्के गुण, उतरण्याला 30 आणि हवेतल्या शरीराच्या ठेवणीला तब्बल 50. म्हणजे निम्मा खेळ जिम्नॅस्टिक्सचाच! चीनने हे हेरून कसरतपटू मुले निवडली. त्यांपैकी हान शियाओपेंगने 2006 मध्ये तुरिनला सुवर्ण जिंकले; स्कीइंगमधले ते चीनचे पहिले सुवर्ण. ऑस्ट्रेलियाच्या सुवर्णविजेत्या अलिसा कॅम्प्लिन (2002) आणि लिडिया लॅसिला (2010) याही मूळच्या जिम्नॅस्ट. कॅम्प्लिनने तर स्कीइंग सुरू केले तेच विशीच्या उंबरठ्यावर.

सराव कुठे? चक्क पाण्यात. ओल्या प्लास्टिकच्या उतारावरून सुटायचे आणि तलावात पडायचे. मार लागू नये म्हणून तळातून हवेचे बुडबुडे सोडतात. असा तलाव ब्रिस्बेनला आहे, आणि तिथे बर्फ पडत नाही.

धरमतरलाही पडत नाही. पण इथून गेटवेपर्यंत सुमारे 36 किलोमीटर पोहणारे जलतरणपटू आपण पाहतो, आणि मल्लखांब तर महाराष्ट्राचाच. कोलांटी आणि पाणी, दोन्ही घरचे. (खाडीत मात्र कोणी उड्या मारून पाहू नयेत!) अडते ते उतरण्याच्या 30 टक्क्यांवर. ते बर्फावरच शिकावे लागते, आणि गुलमर्गला महिना-महिना राहण्याचा खर्च पेण-रोह्याच्या पालकांना पेलणारा नाही.