साल कुठे गेले?

मागे एकदा संगणकाचा विषय काढला तेव्हा दोघातिघांनी विचारले, "सर, या वयात काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायची हौस कशाला?" हौस नाही हो, भांडण आहे. ते आज इथे मांडतो, कारण या पानाचे निम्मे वाचक आमचेच नातेवाईक आहेत आणि त्यांनी फक्त एक बाजू ऐकली आहे.

आईने शेवटच्या दोन वर्षांत सांगितलेल्या आठवणी मी फुलसावंगीच्या घरी बसून टाइप केल्या. लाइट असेल तेव्हा, एका बैठकीची एक फाइल. वावरातली विहीर कोणी खोदली हे तिने दोनदा सांगितले. एका फाइलीत आजोबांनी, दुसरीत त्यांच्या धाकट्या भावाने, स्वतःच्या पैशाने. धाकट्या पातीला दुसरी फाइल प्रिय आहे हे ओघाने आलेच. पण २००९च्या पावसाळ्यात आई पडली आणि त्यानंतर तिचे विसरणे वाढले. मला ती आपला भाऊ समजून बोलायची. तेव्हा कोणती फाइल कधीची हा प्रश्न किरकोळ नाही.

आणि मी, आयुष्यभर मुलांना वहीच्या कोपऱ्यात दिनांक लिहायला लावणारा मास्तर, फाइलीत तारीख लिहिली नाही. वाटले, यंत्र ठेवतेच की.

यंत्र ठेवते, पण शेवटच्या बदलाची वेळ. युनिक्सच्या घराण्यात ती १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत मोजतात, ग्रीनिचच्या वेळेने. त्यामुळे आमच्याकडे सकाळची फाइल अमेरिकेत पुतण्याला आदल्या दिवसाची दिसते. इथवर माझी तक्रार नाही. पुढे पुतण्याने सगळ्या फाइली 'सीपी' या आज्ञेने नव्या डिस्कवर उतरवल्या. सोबत '-पी' जोडले असते तर जुन्या तारखा टिकल्या असत्या. जोडले नाही. आईच्या दोन वर्षांच्या बोलण्यावर एकाच दुपारची तारीख बसली. जुना पेन ड्राइव्ह तोवर बाद झाला होता.

मग गेल्या महिन्यात ट्रंकेत एक छापील यादी सापडली. पुतण्याने सुट्टीत आला असताना आपल्या मॅकवरून 'एलएस -एल' देऊन काढलेली. पहिली फाइल २० डिसेंबर, वेळ ११:१०. दुसरी १२ मार्च, वेळ १६:२०. साल नाही!

नियमच तसा आहे. पॉझिक्स नावाचे जे प्रमाण आहे त्यात लिहिलेय की फाइल सहा महिन्यांच्या आतली असेल तर वेळ दाखवा, जुनी असेल तर वेळ गाळून साल दाखवा. म्हणजे बघणाऱ्याला साल माहीतच असणार! पेशवाईतले कारकूनही हेच करत. पत्रात चंद्र, महिना, आणि साल पुष्कळदा नाहीच. वाचणाऱ्याला ते ठाऊक होते. पण १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढणाऱ्या राजवाड्यांना ते ठाऊक नव्हते. अशा पत्रांचे साल आतल्या मजकुरावरून ताडत बसणे हा आपल्याकडे एक स्वतंत्र उद्योगच झाला. कारकुनाचा बोरू निदान हाताने चालायचा. यंत्राला चार अंक जड का व्हावेत?

एवढे मात्र कबूल करतो की त्याच नियमाने थोडे हाती दिले. दोन्ही ओळींत साल नाही, म्हणजे दोन्ही फाइली एकाच सहा महिन्यांतल्या. मार्चपासून डिसेंबर नऊ महिने लांब. तेव्हा डिसेंबरची आधी, मार्चची नंतर, हे पक्के. पण मार्च २००९चा की २०१०चा? पुतण्या दोन्ही वर्षी मे महिन्यात आला होता.

यावर त्याचे म्हणणे, "काका, एलएस वापरूच नका, स्टॅट वापरा." त्याने दोन ओळी पाठवल्या. त्याच्या मॅकवर छान चालतात. माझ्या लिनक्सवर तारखेऐवजी डिस्कचा हिशेब आला, कारण तिथे '-एफ'चा अर्थच वेगळा. माझ्याकडे '-सी' लागते. स्टॅट पॉझिक्समध्येच नाही, मग ज्याने त्याने आपल्या मनाचे केले. "माझ्याकडे चालते" हे काय उत्तर झाले? आपल्याच गल्लीत समजेल असे लिहायचे आणि त्याला लेखन म्हणायचे! महिन्याचे नाव शोधणारी स्क्रिप्टही तशीच. यंत्राची भाषा मराठी केली की ती आंधळी होते. आधी 'एलसी_ऑल'ला 'सी' करावे लागते.

सगळीकडे चालणारी वाट आहे, पायवाट आहे. 'टच -टी' देऊन हव्या तारखेची एक रिकामी फाइल करायची, २००९०७०१०००० असे आकडे देऊन (यंत्राला इंग्रजी अंक लागतात), आणि 'फाइंड'ला '-न्यूअर' सांगून तिच्यानंतरच्या फाइली मागायच्या. दोन्ही पॉझिक्समधले. पर्ल असेल तर सेकंदांचा आकडाच मिळतो. हे वेळेवर केले असते तर आज कोणी कोणाशी अबोला धरला नसता.

आता मी प्रत्येक फाइलीच्या नावातच आधी साल, मग महिना, मग दिवस लिहितो. आईच्या फाइलींना ते लागू नाही.

पुतण्याला एवढेच आठवते की यादी पुसदला छापली, आणि त्याच दिवशी तिथे आपल्याकडचे एक लग्न होते. पुसदला २००९च्या मेमध्ये एक झाले, २०१०च्या मेमध्ये एक. त्याने जिलेबी खाल्ली होती म्हणतो. कोणत्या लग्नात जिलेबी होती, हे धाकट्या पातीपैकी कोणीही, पण खरे, कळवावे.