दुकानाची पत आणि लिफ्टचे दार

रिसोडसारख्या तालुक्याच्या पेठेत पूर्वी रस्त्यालगत दुकान, मागे वखार आणि माडीवर बिऱ्हाड अशी मांडणी असे. माल वर चढवायला हमालाची पाठ आणि लाकडी जिना पुरेसा होता. आता त्याच जागी तीन-चार मजली संकुले उभी राहतात. खाली कापडाचे दुकान, वर दवाखाना, त्याच्या वर शिकवणी वर्ग आणि या सर्वांना जोडणारी एक लिफ्ट. गुडघे दुखणारी आजी, तान्हे मूल कडेवर घेतलेली आई आणि गाठोडे उचललेला नोकर यांना ती रोज वरखाली नेते. ती कोणाच्या भरवशावर चालते, हा प्रश्न मात्र ती बंद पडेपर्यंत कोणी विचारत नाही.

प्रवाशांसाठीच्या लिफ्टचा जन्मच मुळी दुकानात झाला. एलिशा ओटिस या अमेरिकन कारागिराने १८५४ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात उंच पाळण्यावर उभे राहून, तो तोलून धरणारा दोर सर्वांसमक्ष तोडायला लावला. पाळणा थोडा खचला आणि जागीच अडकला. त्यानंतर १८५७ मध्ये त्याच शहरातील चिनी मातीच्या व काचेच्या वस्तूंच्या एका पाच मजली दुकानात गिऱ्हाइकांसाठी लिफ्ट बसली. माल वर चढवणारे पाळणे त्याआधीही होते. ओटिसने आणला तो पडता पाळणा अडवणारा ब्रेक, आणि त्या ब्रेकसोबत आला लोकांचा विश्वास. व्यापाऱ्याच्या भाषेत बोलायचे तर त्याने लिफ्टला पत मिळवून दिली.

१० सप्टेंबर २०२३ रोजी ठाण्यातील बाळकुम येथे एका उंच इमारतीत बांधकामाची लिफ्ट कोसळून सात कामगार मृत्युमुखी पडले. अशी बातमी वाचली की प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर तुटलेला दोर उभा राहतो. ती बांधकामापुरती उभारलेली यंत्रणा होती. दुकानातील कायमची दोरावरची लिफ्ट साधारणपणे एकाहून अधिक पोलादी दोरांवर टांगलेली असते. वेग मर्यादेबाहेर गेला तर नियंत्रक तो ओळखतो आणि पाळण्याखालचे जबडे रुळांना घट्ट पकडतात. छोट्या संकुलात खरा धोका बहुधा दोरापेक्षा दारापाशी असतो.

दार नीट लागल्याशिवाय पाळणा हलू नये आणि पाळणा समोर नसेल तर बाहेरचे दार उघडू नये, यासाठी प्रत्येक मजल्यावर कुलूपवजा यंत्रणा असते. ती झिजली की लिफ्ट मध्येच थांबते. सणाचे दिवस, दुकानात गर्दी आणि कारागीर परगावी. अशा वेळी कोणीतरी सुचवतो, ‘दोन तारा जोडून टाका, चालेल.’ लिफ्ट चालतेही. पण आता ती उघड्या दारानेही चालते. कधीतरी बोलण्याच्या नादात कोणी दार ओढतो आणि पाळणा आहे असे समजून रिकाम्या खोलीत पाऊल टाकतो. पुढची जमीन पाहूनच पाऊल टाकावे, ही ईर्यासमितीची शिकवण ज्या घरांत लहानपणापासून कानावर पडते, त्या घरांच्या दुकानात असे दार असणे फार विसंगत आहे.

दुसरी चूक वजनाची. लिफ्टचा हिशेब दर माणशी ६८ किलो धरून होतो. म्हणजे सहा माणसांची लिफ्ट ४०८ किलोंची. तिच्यात ५० किलोंची आठ पोती आणि एक हमाल चढवला तर वजन ४६८ किलो झाले. तराजूत एक ग्रॅमही इकडे-तिकडे होऊ न देणारा व्यापारी येथे साठ किलो सहज सोडून देतो. माणसांची लिफ्ट माणसांसाठीच ठेवावी आणि मालासाठी वेगळी सोय करावी.

कायद्याविषयीही एक जुना गैरसमज आहे. लिफ्टचा पहिला कायदा मुंबई प्रांतात १९३९ साली झाला. रिसोड तेव्हा मध्यप्रांत व वऱ्हाडात होते. त्या कायद्याशी त्याचा संबंध नव्हता. ‘हे नियम मुंबईच्या टॉवरांचे’ ही समजूत अजूनही कोठेकोठे ऐकू येते. आता २०१७ चा महाराष्ट्र उद्वाहने, सरकते जिने व सरकते पथ अधिनियम संपूर्ण राज्याला लागू आहे. उद्वाहन म्हणजे आपली लिफ्टच. ती बसवण्यापूर्वी परवानगी, चालवण्यापूर्वी परवाना, ठरावीक मुदतीने शासकीय निरीक्षण आणि त्रयस्थ व्यक्तीच्या हानीसाठी विमा, ही त्यातील मुख्य कलमे. हे काम शासनाच्या विद्युत निरीक्षण यंत्रणेकडे असते. देखभालीचा वार्षिक करार कंपनीशी केला तरी मालकाची जबाबदारी संपत नाही. अपघात झालाच, तर निरीक्षकांना कळवणे आणि लिफ्ट बंद ठेवणे हे त्याचे पहिले कर्तव्य.

अडचण येते ती मालक अनेक असतात तेव्हा. गाळे विकून बांधकाम करणारा निघून जातो. तळमजल्याचा दुकानदार म्हणतो, ‘लिफ्ट आमच्या काय कामाची?’ वरचा म्हणतो, ‘एकट्याने खर्च का सोसावा?’ परवाना कोणाच्या नावावर आहे, हेही कोणाला ठाऊक नसते. अशा संकुलात सर्वांनी एकत्र बसून वर्गणी ठरवावी, एका माणसाचे नाव लेखी नेमावे आणि तो क्रमांक लिफ्टमध्ये लावावा. बाहेरचे दार उघडण्याची खास चावी गल्ल्याजवळच्या खिळ्यावर न ठेवता त्याच्याच ताब्यात असावी. भारनियमनात कोणी आत अडकले तर घाईने दार उचकटू नये. दोन मजल्यांच्या मध्ये थांबलेल्या पाळण्यातून बाहेर पडताना माणूस खालच्या पोकळीत जाऊ शकतो. आतल्या माणसाला धीर द्यावा, वीज मुख्य बटणावरून बंद करावी आणि शिकवलेल्या हातानेच सुटका करावी. वीज जाताच पाळणा जवळच्या मजल्यावर नेणारे बॅटरीचे उपकरणही मिळते; त्याची बॅटरी मात्र वेळेवर तपासावी लागते.

दिवाळीला नव्या वहीचे पूजन होते. तेव्हा तिच्याशेजारी लिफ्टचीही एक वही ठेवावी. निरीक्षण कधी झाले, विमा कोणत्या तारखेला संपतो, कारागिराने काय बदलले आणि कोणते दार कधी अडले, हे सारे तिच्यात लिहावे. गिऱ्हाईक लिफ्टमध्ये पाऊल ठेवते तेव्हा काही न विचारता आपला जीव दुकानदाराच्या हवाली करते. इतकी मोठी ठेव पेठेत दुसरी कोणी ठेवत नाही. तिची नोंद वहीत असलीच पाहिजे.