हरळीवरची कुजबुज

मला गोल्फ बघायला आवडतं. हसा, हसा. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोची कॅरेटं उतरवताना मी हे बोलून गेले, तर शेजारच्या काकूंनी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. घरीही काही वेगळं नाही. आमच्या ह्यांचं मत असं, की खेळ म्हटला की घाम पाहिजे, धक्काबुक्की पाहिजे, निदान कोणीतरी कोणाची तंगडी तरी धरली पाहिजे. इस्त्रीची पँट घालून हिरवळीवरून फिरायचं आणि मधूनच एखादी काठी मारायची, ह्याला ते खेळ म्हणायलाच तयार नाहीत. सासूबाईंचं म्हणणं तर त्याहून साधं. "एवढं चालायचंच आहे तर वारीला जा म्हणावं!"

आपल्या भागातल्या माणसाच्या कानावर गोल्फ हा शब्द पडतो तो बहुतेक नाशिकला गेल्यावर. तिथल्या हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानाला लोक अजून 'गोल्फ क्लब'च म्हणतात. तिथे रणजीचे सामने होतात, सभा होतात, सकाळी माणसं चालायला येतात. गोल्फ तेवढा होत नाही.

मग मला ह्याचं वेड लागलं कसं? बिबट्यामुळे. खरंच सांगते. रात्रीची लाइट असली की हे मोटार चालू करायला मळ्यात जातात. जुन्नर-आंबेगावच्या बायकांना पुढचं सांगायला नको. बाजूला ऊस, हातात बॅटरी, आणि घरातल्या बाईच्या डोळ्याला डोळा नाही. जागं तर राहायचंय, पण पोरं आणि म्हातारी माणसं उठता कामा नयेत. अशा वेळी मालिका लावली तर तिथे कोणीतरी दर पाच मिनिटांनी कडाडणार. क्रिकेट लावलं तर गर्दीची बोंब. गोल्फचा समालोचक मात्र कुजबुजतो हो! खेळाडू फटका मारायला उभा राहिला की सगळं मैदान चिडीचूप, आणि हा बाबा पाळण्यात नुकतंच झोपलेलं लेकरू असावं तसा हळू आवाजात बोलतो. अमेरिकेतल्या स्पर्धांचा शेवटचा दिवस रविवारचा, म्हणजे आपल्याकडे मध्यरात्र उलटल्यावर रंगतो. असा योग दुसऱ्या कुठल्या खेळात आहे?

समजायलाही काही अवघड नाही. गोट्या खेळताना आपण जमिनीत गल करायचो ना, तशीच ही गल, फक्त लांब. एका फेरीत अशा अठरा. प्रत्येक होलला किती फटके लागावेत ते ठरलेलं असतं, त्याला 'पार' म्हणतात. एक फटका कमी लागला तर 'बर्डी', एक जास्त लागला तर 'बोगी'. मोठ्या स्पर्धेत चार दिवस, चार फेऱ्या, आणि शेवटी ज्याचे फटके सगळ्यात कमी तो जिंकला. म्हणजे आहे त्यात भागवणारी जिंकते! आपल्याला हे शिकवायला इंग्लंडहून कोणी यायची गरज नव्हती.

गंमत त्या हिरवळीची आहे. आपल्यासारख्या उष्ण हवेच्या देशात गोल्फच्या मैदानावर जे बर्म्युडा गवत म्हणून कौतुकाने लावतात, ते म्हणजे आपली हरळी. हो, तीच. जिची मुळं खणता खणता आपल्या कमरेचे टाके ढिले होतात, जी कांद्यातून काढली की लसणात उगवते, ती हरळी तिथे मोजूनमापून कापतात, तिच्यावरून हात फिरवतात आणि तिला पाणी पाजतात. पाण्याचा विषय निघाला की माझ्यातली रसिक जरा गप्प होते. कुकडीच्या आवर्तनाची वाट बघत ज्यांचा उन्हाळा जातो, त्यांना ती ओली हिरवळ बघून पोटात कालवल्यासारखं होणारच. काही ठिकाणी आता सांडपाणी शुद्ध करून वापरतात म्हणे. सगळीकडेच वापरायला हवं, असं माझं स्पष्ट मत आहे, आणि खेळाच्या प्रेमापोटी ते मी बदलणार नाही.

आता माझी आवडती माणसं. टायगर वूड्स तुम्हाला नावाने तरी माहीत असेल. तो शेवटच्या दिवशी, रविवारी, लाल शर्ट घालायचा. कारण काय, तर आईने सांगितलं. त्याची आई थायलंडची, तिच्या मते लाल हा त्याचा जोराचा रंग. जगातला सगळ्यात नावाजलेला खेळाडू, आणि कपडे आईच्या शब्दावर! रोरी मॅकिलरॉय हा उत्तर आयर्लंडचा. एकुलता एक पोरगा. त्याच्या खेळासाठी आई कारखान्यात रात्रपाळी करायची आणि बाप दोन-तीन ठिकाणी राबायचा. २०१४ नंतर ह्याला मोठी स्पर्धा म्हणून जिंकता येईना. मास्टर्स नावाच्या स्पर्धेत तर २०११ साली शेवटच्या दिवशी चार फटक्यांनी पुढे असताना त्याने सगळं घालवलं होतं. तीच स्पर्धा त्याने अखेर एप्रिल २०२५ मध्ये जिंकली, आणि गुडघे टेकून हिरवळीवर असा रडला की मी पण पदर डोळ्याला लावला. स्कॉटी शेफलरची तर कथाच न्यारी. मे २०२४ मध्ये स्पर्धेला जाताना सकाळी वाहतुकीच्या गोंधळात पोलिसांनी त्याला धरून कोठडीत नेलं. सुटून आला आणि त्याच दिवशी ६६ फटक्यांत फेरी संपवली! पुढे आरोपही मागे घेतले गेले. आपल्याकडे चौकीत नुसतं साक्षीला जाऊन आलेला माणूस आठ दिवस जेवत नाही.

आणि ह्या खेळाचा एक जुना धडा मला फार आवडतो. १९२५ साली बॉबी जोन्स अमेरिकेच्या ओपन स्पर्धेत खेळत असताना गवतात चेंडू जरासा हलला. कोणीच पाहिलं नव्हतं. ह्याने स्वतःहून सांगितलं आणि एक फटका अंगावर घेतला. त्या एका फटक्यामुळे बरोबरी झाली, आणि जादा फेऱ्यांत तो एका फटक्याने हरला. सोसायटीच्या निवडणुकीला उभं राहणाऱ्यांना गोल्फ सक्तीचा करावा का, ह्यावर विचार व्हावा.

पण माझं खरं माणूस वेगळंच आहे. ते आहे बंगळूरची अदिती अशोक. घरात गोल्फचा गंध नाही. आईबापाबरोबर न्याहारीला जायची त्या हॉटेलातून गोल्फचं मैदान दिसायचं, तिथून लोकांचा गलका ऐकू यायचा. ह्या पाच-साडेपाच वर्षांच्या पोरीने विचारलं, तिकडे काय चाललंय? तिथून सुरुवात. अठराव्या वर्षी, २०१६ साली, रिओ ऑलिंपिक खेळली. तिथे चौदा काठ्यांची पिशवी वाहायला वडील होते. त्या पिशवी वाहणाऱ्याला 'कॅडी' म्हणतात. नुसता हमाल नव्हे हं, वारा किती, उतार कुठे, कुठली काठी घ्यावी, हे सगळं त्याच्याशी बोलून ठरतं. टोकियोला मात्र ही पिशवी तिच्या आईने, माहेश्वरीबाईंनी खांद्याला लावली.

७ ऑगस्ट २०२१. तारीख ओळखीची वाटते ना? संध्याकाळी नीरज चोप्राने भाल्यात सुवर्ण मिळवलं तोच दिवस. पण त्याच दिवशी पहाटेपासून अदिती खेळत होती. पहिले तिन्ही दिवस ती दुसऱ्या क्रमांकावर टिकून होती, आणि जागतिक क्रमवारीत होती दोनशेवी! त्याच उन्हाळ्यात तिला कोविड होऊन गेला होता, अंगात ताकद नव्हती. लांब फटके मारण्यात ती जवळजवळ तळाला. तिच्यासोबतच्या मुलींचा चेंडू पार पुढे जाऊन पडायचा, हिचा मागेच. पण जवळ आलं, की हिच्या हाताला तोड नाही. चेंडू हळूच ढकलून गलीत घालायचा, त्याला 'पटिंग' म्हणतात, त्यात ही सगळ्यांच्या वरचढ. भाजीत मीठ टाकताना आपण चमचा घेतो का? हाताला कळतं. तसं तिच्या हाताला कळत होतं.

त्या दिवशी आमच्या घरात गोल्फचं ग चे गमभन न येणारी माणसं बोटांवर हिशोब करत होती. तोडणीच्या बाया खोळंबल्या होत्या, ह्यांनी स्वतः त्यांना "पाच मिन्टं थांबा" म्हणून सांगितलं. खेळ संपत आलेला असताना विजांमुळे थांबवला, पुन्हा सुरू झाला. शेवटच्या होलवर बर्डीसाठी अदितीचा चेंडू निघाला, आणि हुकला. चार दिवसांचे मिळून तिचे २६९ फटके झाले. न्यूझीलंडच्या लिडिया कोचे २६८. एक फटका. त्या एका फटक्यापायी कांस्यपदक लिडियाला आणि आपली अदिती चौथी. टीव्हीवर क्षणभर तिची आई दिसली, पिशवी सावरत. ऊन, घाम, गळ्यात टॉवेल. लग्नकार्यातून घरी निघताना सगळ्यांच्या पिशव्या आपल्याच खांद्यावर असतात ना, तेव्हा आपण जशा दिसतो, तशी.

चौथ्या नंबरचं दुःख फार वाईट बाई. शेवटून पहिली आलेली निदान हसून तरी घेते. तेवढ्यानेही भागलं नाही. २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई खेळांत शेवटच्या दिवशी ती सात फटक्यांनी पुढे होती, आणि ७७ फटके लागून सुवर्ण हातचं गेलं. रौप्य मिळालं. गोल्फमध्ये आशियाई पदक मिळवणारी ती पहिली भारतीय बाई, पण दुसऱ्या दिवशी लोक बोलले ते गेलेल्या सोन्याबद्दल. मला त्या लोकांना विचारायचंय, तुमच्यापैकी किती जणांनी त्याआधी तिचं नाव ऐकलं होतं? पुण्याचा उदयन माने टोकियोला गेला तेव्हा आडनाव वाचून तरी आपण 'आपला माने' म्हटलं. दीक्षा डागरचं नाव किती जणींना माहीत आहे? हरियाणाची ही पोरगी जन्मापासून ऐकू न येणारी, डावखुरी. वडील तिची पिशवी वाहतात. मूकबधिरांच्या ऑलिंपिकचं सुवर्ण तिच्याकडे आहे आणि सर्वसाधारण ऑलिंपिकही खेळली आहे. समालोचकाची कुजबुजही तिला ऐकू येत नाही, तरी तिचा फटका बघा.

मोबाइलवर अधूनमधून एक संदेश फिरतो, की गोल्फ ह्या शब्दाचा मूळ अर्थच 'जंटलमेन ओन्ली, लेडीज फॉरबिडन'. साफ खोटं आहे ते, कोणीतरी रचलेलं. उलट स्कॉटलंडची राणी मेरी साडेचारशे वर्षांपूर्वी गोल्फ खेळायची असं सांगतात. १५६७ साली तिच्या नवऱ्याचा खून झाला आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत ती गोल्फ खेळत होती, असा तिच्यावर विरोधकांनी ठपका ठेवला होता! विधवेने काय करावं ह्यावर लक्ष ठेवणारी मंडळी तिथेही होतीच. पण शब्द खोटा असला तरी कारभार खरा होता. अमेरिकेतल्या ऑगस्टा क्लबने, जिथे ती मास्टर्स होते, पहिल्या दोन बाया सभासद करून घेतल्या २०१२ साली. सेंट अँड्र्यूजचा प्रसिद्ध क्लब २०१४ ला तयार झाला. स्कॉटलंडच्याच म्युरफिल्डने तर २०१७ ला कशीबशी मान हलवली. आपल्याकडे तोवर बाया सरपंच होऊन पाच-पाच वर्षं पुऱ्या करून घरी बसल्या होत्या.

दार उघडलं, पण रोज? आपल्या शिवारात बाईचा रोज वेगळा, गड्याचा वेगळा. वाकून दिवसभर खुरपणारी बाई, आणि जास्त पैसे गड्याला. मला वाटायचं हे गावापुरतं असेल. तर २०२५ साली अमेरिकेच्या ओपन स्पर्धेत पुरुषांसाठी एकूण बक्षीस होतं २ कोटी १५ लाख डॉलर, आणि बायकांच्या ओपनला १ कोटी २० लाख. गड्याच्या रुपयाला बाईचे छप्पन पैसे! आणि ही बायकांच्या मोठ्या स्पर्धांतली सगळ्यात भरघोस रक्कम बरं का. टेनिसवाल्यांनी अमेरिकेच्या ओपनमध्ये १९७३ पासून सारखे पैसे दिले. गोल्फवाले सांगतात, बायकांचा खेळ लोक कमी बघतात. बघायला दाखवा तरी! रात्री जागणाऱ्या बायका काय कमी आहेत का?

आपल्या देशात ह्या खेळात मागच्या दाराने आत शिरलेले मोठे झाले, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते. १९९१ साली इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक खेळाडू अली शेर, तो आधी दिल्लीत कॅडी होता. एस. एस. पी. चौरसियाचे वडील कोलकात्याच्या क्लबात गवत राखायचे. पोरगा बघून बघून शिकला, आणि २०१६ व २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षं इंडियन ओपन घेऊन गेला. माळ्याचा मुलगा झाला. मला आता माळणीची मुलगी बघायचीय. मुलींसाठी अजून पुढचंच दार आहे, आणि ते बापाच्या ऐपतीने उघडतं.

पुण्याला जाताना एकदा आमची गाडी एका गोल्फच्या मैदानाच्या कुंपणाशी अडकली होती. आत सात-आठ बाया ओळीने बसून हिरवळीतलं तण काढत होत्या. डोक्याला टॉवेल, हातात खुरपी, अगदी आपल्या कांद्याच्या वाफ्यात बसतात तशा. त्यांच्या मागे एक फ्रॉकातली पोरगी कुठूनशी मिळालेली काठी घेऊन चिंचोका टोलवत होती. पकड चुकीची होती, उजवा हात फार वर. पण फटका मारून झाला तरी तिने डोकं वर केलं नाही, नजर चिंचोक्याच्या जागेवरच. ही गोष्ट मोठमोठ्यांना जमत नाही.