सतर्क राहा म्हणे!

आमच्याकडे आठवड्याला एक तरी प्रेसनोट येते. मजकूर ठरलेला. अमुक वयाच्या ज्येष्ठ नागरिकाची अमुक लाखांची ऑनलाइन फसवणूक, अज्ञात इसमाविरुद्ध गुन्हा दाखल, पुढील तपास सुरू. आणि शेवटी ती ओळ : ‘नागरिकांनी सतर्क राहावे, कोणालाही ओटीपी सांगू नये.’ वीस वर्षं बातम्या लिहितोय. एसटीत पाकीट मारलेल्या माणसाला लोक पाणी तरी विचारतात. पण फोनवरून लुटलेला म्हातारा माणूस ठाण्यात गेला की पहिला प्रश्न, "काका, तुम्ही तर शिकलेले. मग असं कसं केलंत?" हाच प्रश्न बँकेत. रात्री हाच प्रश्न घरी.

मला या प्रश्नाचाच राग आहे.

गेल्या दहा वर्षांत आपण या माणसांना काय काय करायला लावलं, ते जरा आठवा. गॅसच्या सबसिडीसाठी आधार जोडा. पॅनला आधार जोडा. केवायसी करा, झाली असेल तर पुन्हा करा, नाहीतर खातं बंद. पासबुक छापायचं मशीन बंद आहे, अ‍ॅपवर बघा. काउंटरवर गर्दी करू नका, ऑनलाइन करा. लिंक येईल, दाबा. आकडा येईल, सांगा. कुरियरवाला दारात उभा राहून ओटीपी मागतो, गॅसचं सिलिंडर देणारा कोड मागतो, आणि आजी चष्मा शोधून तो वाचून दाखवतात. दिवसातून दोनदा आकडा सांगायची सवय आपणच लावली. मग एके दिवशी चोर आकडा मागतो आणि आपण म्हणतो, सांगितलाच कशाला?

चोराने नवीन काहीच शोधलेलं नाही. त्याने फक्त कार्यालयांची भाषा पाठ केलीय. ‘आज रात्री साडेनऊला तुमची वीज तोडली जाईल’ हा मेसेज महावितरणच्या नावाने कितीतरी लोकांना आला आणि लोक घाबरले. घाबरणार नाहीत तर काय? खरे मेसेजही धमकावूनच येतात की.

आता आमच्या गावातलंच एक उदाहरण देतो. नाव देत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी, वय ७१. नोव्हेंबर महिना, म्हणजे पेन्शनरांचा हयातीच्या दाखल्याचा महिना. फोन आला, "पेन्शन विभागातून बोलतोय, तुमचा दाखला जमा दिसत नाही, पुढच्या महिन्याची पेन्शन थांबेल. बँकेत यायची गरज नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर फाइल पाठवतो." पेन्शन थांबेल म्हटल्यावर कोण थांबतो? गुरुजींनी फाइल उघडली. फोनने परवानगी मागितली, त्यांनी ‘अलाऊ’ दाबलं. फॉर्म आला, त्यात कार्डाचा नंबर भरला.

ती फाइल एपीके होती, म्हणजे एक अ‍ॅपच. एकदा अशा अ‍ॅपला मेसेज वाचायची परवानगी मिळाली की येणारा प्रत्येक ओटीपी परस्पर चोराकडे जातो. गुरुजींनी कुणालाही ओटीपी सांगितला नाही. एकदाही नाही. प्रेसनोटची ती शेवटची ओळ त्यांनी तंतोतंत पाळली होती! तरी ४ लाख ८० हजार गेले.

त्यातले बचत खात्यात होते जेमतेम ३० हजार. बाकीची एफडी होती. ती चोराने बँकेच्या अ‍ॅपमधून मोडली, पैसे बचत खात्यात आले आणि तुकड्या-तुकड्यांनी बाहेर गेले. सगळा खेळ अर्ध्या तासाचा. हेच गुरुजी दोन वर्षांपूर्वी बायकोच्या ऑपरेशनसाठी तीच एफडी मोडायला काउंटरवर गेले होते, तेव्हा पावती आणा, मागे सही करा, सही जुळत नाही, पुन्हा करा, साहेब जेवायला गेलेत असं करता करता दुसरा दिवस उजाडला होता. मालकाला दीड दिवस आणि चोराला अर्धा तास. आणि बेसावध कोण, तर गुरुजी.

पुढचं ऐका. बँकेने सांगितलं पोलिसात जा. पोलिसांनी सांगितलं जिल्ह्याच्या सायबर ठाण्यात जा, म्हणजे साठ किलोमीटर. यात पोलिसांचीही एक अडचण आहे, ती सांगायला हवी. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७८ प्रमाणे अशा गुन्ह्याचा तपास पोलीस निरीक्षक किंवा त्याच्या वरच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो. तालुक्याच्या ठाण्यात निरीक्षक असतो एक, आणि त्याच्यामागे बंदोबस्त, मोर्चे, मंत्र्यांचे दौरे. पण गुन्हा नोंदवायला हे कारण चालत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कुठेही घडलेला असो, कोणत्याही ठाण्याला तक्रार घ्यावी लागते. ‘आमच्याकडे येत नाही’ हे उत्तर कायद्यात बसत नाही. या हेलपाट्यात गुरुजींचे तीन दिवस गेले. महिन्याभराने बँकेचं उत्तर आलं, दोन ओळींचं, इंग्रजीत : ग्राहकाने स्वतःच माहिती उघड केली, सबब बँक जबाबदार नाही.

इथे एक गोष्ट नीट वाचा, कारण ती तुम्हाला बँकेतलं कुणी आपणहून सांगणार नाही. ६ जुलै २०१७ ला रिझर्व्ह बँकेने एक परिपत्रक काढलं. ग्राहकाच्या परवानगीशिवाय खात्यातून ऑनलाइन पैसे गेले तर नुकसान कुणी सोसायचं, हे त्यात लिहिलंय. चूक बँकेची असेल तर ग्राहकाला झळ नाही. चूक बँकेची नाही, ग्राहकाचीही नाही, मधल्या कुठल्या यंत्रणेची आहे, आणि ग्राहकाने मेसेज आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तरीही ग्राहकाला झळ नाही. चार ते सात दिवसांत कळवलं तर साध्या बचत खात्यावर जास्तीत जास्त १० हजारांचा फटका. ग्राहकाचा निष्काळजीपणा असेल तर नुकसान त्याचं, पण तेही त्याने बँकेला कळवेपर्यंतचं. कळवल्यानंतर गेलेला प्रत्येक रुपया बँकेच्या माथी. आणि सगळ्यात महत्त्वाचं वाक्य : जबाबदारी ग्राहकाची होती हे सिद्ध करायचं काम बँकेचं आहे. सहकारी बँकांसाठीही त्याच वर्षी डिसेंबरात असंच परिपत्रक निघालं.

आता सांगा, गुरुजींचा निष्काळजीपणा बँकेने कधी आणि कसा सिद्ध केला? कागद कुठाय? चौकशी कुणी केली? दोन ओळी टाइप केल्या की सिद्ध झालं?

पैसे गेले कुठे, हाही प्रश्न कुणी विचारत नाही. हवेत तर गेले नाहीत. ते याच देशातल्या कुठल्यातरी बँकेतल्या कुणाच्यातरी खात्यात गेले. ते खातं कुणीतरी उघडलं, आधार-पॅन घेऊन, केवायसी करून. भाड्याने घेतलेली ही खाती. गरीब पोरांना दोन-पाच हजार देऊन त्यांचं पासबुक, एटीएम, सिम ताब्यात घेतात. कालपर्यंत रिकाम्या असलेल्या अशा खात्यात एका दुपारी लाखो रुपये येतात आणि तासाभरात निघून जातात, तेव्हा तिथल्या बँकेला संशय येत नाही. आमच्या गुरुजींची सही मात्र थरथरली की संशय येतो.

इंग्लंडात हे कसं चालतं ते बघा. तिथे ७ ऑक्टोबर २०२४ पासून नियम आहे की फसवून पैसे पाठवायला लावलं तर ८५ हजार पौंडांपर्यंत बँकेने ग्राहकाला भरपाई द्यायची, आणि ती रक्कम पैसे पाठवणाऱ्या आणि पैसे आलेल्या अशा दोन्ही बँकांनी निम्मी-निम्मी सोसायची. म्हणजे चोराचं खातं उघडणाऱ्या बँकेच्या खिशालाही कात्री. मग ती खाती आपोआप तपासून उघडली जातात. आपल्याकडे कात्री फक्त पेन्शनरच्या खिशाला, आणि बँकेचा खर्च काय, तर ‘सतर्क राहा’चं एक पोस्टर.

‘डिजिटल अरेस्ट’बद्दल वेगळं लिहायला हवं, पण थोडक्यात सांगतो. असा कोणताही प्रकार भारतीय कायद्यात नाही. २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी सांगितलं, थांबा, विचार करा, मग कृती करा. चांगलं सांगितलं. त्यानंतर वर्षाने, ऑक्टोबर २०२५ मध्ये, अंबाल्याच्या एका वृद्ध दांपत्याची तक्रार थेट सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दाखल करून घेतली. त्यांना न्यायालयाचे खोटे आदेश दाखवून कोटीहून जास्त रक्कम उकळली होती. डिसेंबरात न्यायालयाने अशा प्रकरणांचा देशभरचा तपास सीबीआयकडे दिला. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला हा प्रश्न एवढा मोठा वाटतो, आणि आपण अजून काकांची अक्कल काढत बसलोय.

या पिढीचा एक स्वभाव आहे. पोलीस, कोर्ट, सरकार म्हटलं की ही माणसं उभी राहतात. आयुष्यात कधी कुणाचा रुपया बुडवला नाही, त्यामुळे ‘तुमच्या नावाने गुन्हा आहे’ हे शब्दच त्यांना मारतात. त्यात घरात दोघंच. मुलगा हिंजवडीला, मुलगी न्यू जर्सीत. पलीकडचा सांगतो, कुणाला बोलायचं नाही. आणि ते बोलत नाहीत, कारण बोलून काय ऐकावं लागतं हे त्यांना पाठ झालंय : "बाबा, तुम्हाला कितीदा सांगितलं, फोनला हात लावत जाऊ नका!"

पोरांनो, हे वाक्य चोराच्या फार उपयोगाचं आहे. १९३० हा नंबर तासा-दोन तासांत लावला तर पैसे पुढच्या खात्यात गोठवता येण्याची शक्यता असते. उशीर झाला की ते चार खाती ओलांडून एटीएममधून बाहेर पडलेले असतात. आणि उशीर का होतो? आईबाबा लाजेने गप्प बसतात म्हणून. या दिवाळीला घरी जाल तेव्हा त्यांना एवढंच सांगा, "काहीही झालं, कितीही गेले, तरी मी रागावणार नाही, आधी मला फोन करा." आणि मग खरंच रागावू नका.

फोन काढून घ्या, साधा डबडा फोन द्या, असंही काही शहाणे सुचवतात. का? आजीने नातवाचं तोंड बघू नये? भजनी मंडळाच्या ग्रुपवर असू नये? रस्त्यावर अपघात होतात म्हणून म्हाताऱ्यांना घरात कोंडत नाही आपण, गतिरोधक मागतो.

फोन मात्र एकदा घेऊन बसा त्यांच्याबरोबर. त्यांच्या हातून काढून न घेता, त्यांनाच करू देत. सेटिंगमध्ये ‘अननोन अ‍ॅप’ टाकायची परवानगी व्हॉट्सअ‍ॅपला आणि ब्राउझरला दिली असेल तर बंद करा. लग्नपत्रिका, चलान, दाखला, काहीही एपीके म्हणून आलं तर उघडायचं नाही. मेसेज वाचायची परवानगी कुठल्या अ‍ॅपला आहे ते बघा. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, हे एका कागदावर लिहून फोनच्या कव्हरमागे खोचा. यूपीआयला जोडलेलं खातं वेगळं ठेवा, त्यात महिन्याच्या किराणा-औषधापुरते पैसे. आधारचं बायोमेट्रिक लॉक करून टाका, म्हणजे अंगठ्याच्या ठशावरून होणारी चोरीही थांबते. हयातीच्या दाखल्यासाठी कुणीही फाइल पाठवत नाही.

पण हे झालं घरातलं. बँकेत जाऊन मागायचं ते वेगळं. ९ नोव्हेंबर २०१७ ला रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलंय की ज्येष्ठांसाठी स्वतंत्र किंवा प्राधान्याचा काउंटर असावा आणि सत्तरीपुढच्यांना पैसे, चेकबुक, हयातीचा दाखला या सेवा घरपोच द्याव्यात. तुमच्या शाखेत तो काउंटर आहे का? मी आमच्या गावातल्या पाच शाखा फिरलो. दोन ठिकाणी पाटी आहे. एका पाटीखाली झेरॉक्स मशीन ठेवलंय.

तर मागायचं असं. माझी एफडी अ‍ॅपवरून मोडण्याची सोय बंद करा. नवीन माणसाच्या खात्यात मोठी रक्कम जाणार असेल तर एक दिवस थांबवा आणि माझ्या मुलीला किंवा शेजाऱ्याला, मी नाव देईन त्याला, फोन करा. मेसेज मराठीत पाठवा. तक्रार दिली की तारीख-वेळेचा शिक्का मारून पोच द्या, कारण त्या वेळेपासून जबाबदारी बँकेची होते. ‘सिस्टीममध्ये ऑप्शन नाही’ असं म्हणाले तर तेही लेखी द्या म्हणावं.

एका पानाचा अर्ज मराठीत तयार केलाय. गुरुजींनीच शुद्धलेखन तपासलं, दोन चुका काढल्या. सोमवारी अकरा वाजता आम्ही बारा-पंधरा पेन्शनर घेऊन तो शाखेत द्यायला जातोय, प्रत्येकाचा वेगळा अर्ज आणि प्रत्येकाची वेगळी पोच. दुसऱ्या गावात कुणाला हवा असेल तर पाठवतो, त्यावर नाव तुमचं घाला.